विहिरी विसरलेले शहर

२० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा एक ट्रक बघता बघता जमिनीत गेला. चालक बचावला. त्या जागी पूर्वी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले. बातमी वाचताना मला आमच्या वाड्यातली विहीर आठवली. वाड्याच्या जागी आता इमारत आहे आणि विहीर फरशीखाली. ती नेमकी कुठे, याबद्दल घरात दोन मते आहेत.

जमीन का दबते, याचे गणित कार्ल टेर्झागी यांनी १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. वरचा भार खाली दोघे मिळून पेलतात : मातीचे कण आणि कणांमधले पाणी. पाणी उपसले की त्याचा दाब घटतो, त्याच्या वाट्याचा भार कणांवर येतो आणि थर दबतो. १९४१ साली मॉरिस बियो यांनी हे गणित तिन्ही मितींत नेले. आजची संगणकीय प्रारूपे याच पायावर उभी आहेत. जमिनीचे हजारो तुकडे कल्पायचे, प्रत्येकाला सच्छिद्रता, पाझर आणि ताठरपणा यांचे आकडे द्यायचे आणि उपशामुळे कोणता तुकडा किती दबेल, ते संगणकाकडून काढून घ्यायचे.

कॅलिफोर्नियातल्या सान वाकिन खोऱ्यात शेतीसाठी इतका उपसा झाला, की १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन सुमारे ९ मीटर खाली गेली. जुन्या सरोवराच्या चिकणमातीवर वसलेले मेक्सिको शहरही असेच खचत गेले. अशी माती एकदा दबली, की पाणी परत येऊनही पूर्ववत होत नाही.

पुण्याचा भूगर्भ वेगळा. इथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ आहे. पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. ते उपसले तर बोअर कोरडे पडते, पण कातळ सहसा दबत नाही. आपल्या पेठांतला धोका माणसाने केलेल्या पोकळ्यांचा आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून शहरात आले आणि हौद भरू लागले. जोडीला वाड्यावाड्यांत विहिरी होत्याच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि नळ कोरडे पडले. तेव्हा आमच्या विहिरीवर अख्ख्या आळीची रांग लागे, असे आजी सांगायची. पुढे नळाला पाणी परतले, वाडे पडले. विहिरी राडारोड्याने भरल्या किंवा नुसत्या झाकल्या. अशी भर घट्ट नसते. गळक्या वाहिनीचे पाणी तिच्यातली बारीक माती वाहून नेते आणि वरची फरशी अधांतरी राहते.

प्रारूपाला हे आपोआप कळत नाही. ज्या तुकड्यात आपण कातळ भरला, तिथे संगणक कातळच मानणार. म्हणून पुण्याला आधी बुजवलेल्या विहिरींचा नकाशा हवा, आणि तो जाणत्या माणसांच्या हयातीतच व्हायला हवा.

परवा काकांना आणि आत्याला मी वाड्याचा आराखडा काढायला बसवले. काकांनी तुळशीवृंदावनापाशी गोल काढला, आत्याने मागच्या दारापाशी. दोन्ही ठिकाणी आज गाड्या उभ्या असतात.