बंबाची मोड

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला. मुंबईतला तो नीचांक अजून मोडलेला नाही. मी तेव्हा सात वर्षांची, अंधेरीच्या चाळीत. त्या सकाळचं एवढंच आठवतं, की आईनं बंब विझू दिला नव्हता आणि आंघोळी झाल्या तरी आम्ही भावंडं मोरीच्या दारातून हलायला तयार नव्हतो.

बंब तांब्याचा, आईच्या लग्नात आजोबांनी दिलेला. मधोमध उभं नळकांडं, त्याच्या तळाशी जाळी, भोवती पाणी आणि खाली तोटी. नळकांड्यात वरून कोळसे, करवंट्या, वखारीतल्या ढलप्या टाकायच्या. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्यानं ऊब चहूबाजूंनी पाण्याला मिळते. चुलीवरच्या हंड्याला ती तळातून मिळते, उरलेली वाया जाते. रशियन सामोवारची घडणही अशीच. आई एवढी फोड करत बसायची नाही. शेजारीण हंडा चढवून फुंकर घालताना दिसली, की पुटपुटायची, "जाळ भिंतीला, पाणी गार." मात्र बंबाला एक नेम कडक: आधी पाणी, मग विस्तव. रिकामा पेटवला तर डाख सुटलाच.

नरकचतुर्दशीला तो चिंच-मिठानं घासून लख्ख व्हायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम पुसत कढत पाण्यानं अभ्यंगस्नान करायचं, ही आम्हा मुंबईकरांची खरी भक्ती.

इतका महागाचा बंब कशासाठी, असं कुणी आजोबांना विचारलं नसेल. तांबं वजनावर मिळे, घडणावळ वेगळी, पण पैसा बुडत नसे. अडीअडचणीला बंब मोडीत घालता यायचा. घरात वापरातली वस्तू होती, तशीच ती शिल्लकही होती. मी आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलं, म्हणून सांगते: बंब खर्चाच्या बाजूला मांडणंच चूक.

मोड न येणाऱ्या वस्तू त्यानंतर आल्या. उपनगरांत वीज पुरवायला बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी १९२९ सालीच निघाली होती, पण चाळीत विजेवर पाणी तापवणं म्हणजे चैन. रेशनच्या रॉकेलवर स्टो पेटायचा, त्यावर पातेलं. बर्मा शेलचा 'बर्शेन' गॅस मुंबईत १९५५ला आला. आमच्या घरी सिलिंडर यायला फार वर्षं गेली, आणि आल्यावरही आईनं त्यावर आंघोळीचं पाणी तापवू दिलं नाही. मग आला बादलीतला रॉड. त्याची भीती शॉकची, तरी प्लग काढायच्या आधी पाण्यात बोट घालणारे महाभाग चाळीत कमी नव्हते.

१९७८ला आम्ही बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आलो. बाथरूमला वीतभर झरोका, धूर सोडणार कुठे? बंब मोडीत गेला आणि गिझरचे निम्मे पैसे त्यातून निघाले. आई दोन दिवस बोलली नाही. तोच गिझर पुढे गळायला लागला, तेव्हा भंगारवाल्यानं जे हातावर ठेवलं त्यात रिक्षाचं भाडंही सुटलं नाही.

आता आमच्या सोसायटीत हीट पंपाची चर्चा आहे. यंत्र चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. ते वीज जाळून उष्णता करत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात सोडतं, आणि एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांचं काम करतं. मुंबईची उबदार हवा त्याला मानवतेही. अडचण आमच्याच गरजेची आहे. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जेमतेम अर्धं युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन युनिट. पंपानं त्यातलं सव्वा-दीड वाचेल. दहा रुपये युनिट धरलं तर दिवसाला तेरा रुपये, वर्षाला पावणेपाच हजारांच्या आत. मला मिळालेलं कोटेशन ऐंशी हजारांचं. वर्षभर रोज गरम पाणी वापरलं तरी वसुलीला सतरा वर्षं, आणि आमच्यासारखं फक्त थंडीत वापरलं तर पन्नास! तोवर यंत्र टिकायला हवं, आणि मीही.

ज्या थंड देशांत अख्खं घर सहा-सात महिने तापवावं लागतं, तिथे हा हिशेब लवकर जमत असेल. इथेही रुग्णालयं, हॉटेलं किंवा हॉस्टेलांना तो जमेल, कारण तिथे पाणी दिवसभर लागतं. सोसायटीच्या सभेत मी आकडे वाचून दाखवले. एका तरुण सभासदानं विचारलं, "काकू, मग पर्यावरणाचं काय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पर्यावरणासाठी घ्यायचा तर जरूर घ्या, पण पैसे वसूल होतील असं सांगून कुणाच्या गळ्यात मारू नका. आणि शॉवर बंद करून बादली घेतलीत, तर त्याला कोटेशन लागत नाही.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. आमच्याकडे आम्ही दोघंच. दहा लिटरचा पाच स्टारचा गिझर घेतला, आंघोळीआधी दहा मिनिटं लावतो.