पाडायचं कुणी?

१५ जून २०२५, रविवार. दुपारची वेळ, वर पाऊस सुरू झालेला, खाली इंद्रायणी भरून वाहतेय आणि कुंडमळ्याच्या जुन्या लोखंडी पुलावर ही गर्दी. पूल कोसळला. चौघे गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. त्यातले बहुतेक आपल्यासारखेच, वीकेंडला पावसात भिजायला मावळात आलेले.

बातम्यांमध्ये नंतर आलेल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. आणि दुसरी, नव्या पुलासाठी आठ कोटी मंजूर होते. म्हणजे बग सापडलेला होता, नोंदवलेला होता, दुरुस्तीचं बजेटही पास झालेलं होतं. फक्त जुना कोड प्रॉडक्शनमध्ये तसाच चालू होता!

मग साहजिकच प्रश्न पडला, की असलं काही पाडायचा अधिकार नेमका असतो कुणाला? म्हटलं बघू जरा. कायदे वाचणं हा काही शनिवार घालवायचा फार रम्य मार्ग नाही, पण निघालं ते मला तरी भलतंच इंटरेस्टिंग वाटलं.

सुरुवात लोणावळ्यापासून करतो. हे गाव रेल्वेने वाढवलं. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण बोरघाटातला रूळ पूर्ण व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं मुंबईहून येणारे लोक घाटाखाली उतरायचे, पालखीत नाहीतर पायी घाट चढायचे आणि वर येऊन दुसरी गाडी पकडायचे. (पुढच्या वेळी एक्स्प्रेसवेवर घाटात अडकलात की हे आठवा.) रेल्वेमागून मुंबईच्या शेटजींचे बंगले आले, बाजार आला आणि १८७७ मध्ये नगरपालिका आली. आज खंडाळाही तिच्याच हद्दीत येतो.

आता नगरपालिका म्हटलं की दिवाबत्ती, पाणी आणि झाडलोट एवढंच आपल्याला आठवतं. पण पडायला आलेल्या घराच्या मालकाला 'पाड, नाहीतर आम्ही पाडतो' असं सांगायची ताकद हा तिच्या जुन्या अधिकारांपैकी एक. मूळ कल्पना लंडनची. तिथल्या १८५५ च्या बिल्डिंग अॅक्टमध्ये धोकादायक बांधकामाला टेकू द्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी कुंपण घाला, अशी तरतूद होती. ती मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३५४ म्हणून उतरली, कुंपणासकट. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांना तीच गोष्ट १९४९ च्या कायद्यात कलम २६४ म्हणून मिळाली आणि लोणावळा, तळेगावसारख्या नगरपरिषदांना १९६५ च्या कायद्यात कलम १९५ म्हणून. सरळ कॉपी-पेस्ट म्हणा ना!

कागदावर हे कलम भक्कम आहे. मालकाला किंवा राहणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची: पाडा, टेकू द्या किंवा दुरुस्त करा. नाही ऐकलं तर पालिकेने ते काम करायचं आणि खर्च मालकाकडून घ्यायचा. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या पेपरात 'धोकादायक इमारतींना नोटिसा' ही बातमी येते ना, ती याच कलमाची.

आणि बहुतेक वेळा गाडी त्या बातमीपाशीच थांबते. कारण नोटीस द्यायला एक कागद लागतो, आणि घर पाडायचं तर आतल्या माणसांचं काय करायचं याचं उत्तर लागतं. जुन्या बाजारपेठेतले वाडे बघा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्या भाड्यात मालक कौलं कशाला बदलेल? तो वाट बघतो. १९९९ चा नवा कायदा आला, पण त्यातही पालिकेने पाडायला सांगितलेली जागा हे भाडेकरूला बाहेर काढायचं वैध कारण आहेच. म्हणजे दुरुस्ती न करता बसून राहिलेल्या मालकाला पालिकेची नोटीस ही लॉटरीच, आणि भाडेकरूला छप्पर पडण्यापेक्षा त्या नोटिशीची भीती जास्त. आत्याच्या सासरी असाच एक वाडा होता. तिथले भाडेकरू नोटीस घ्यायचेच नाहीत. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटायचं, आता वाटत नाही.

नोटिसा जुन्या इमारतींनाच जातात, हाही एक घोळ. महापालिकांच्या कायद्यात ३० वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. पण २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले, तिला धड दहा वर्षंही झाली नव्हती. तिथे बिल्डर आणि आर्किटेक्टबरोबर नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

असो. कुंडमळ्याकडे परत येऊ. तिथे कलम १९५ चा काही उपयोगच नाही, कारण ती जागा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, इंदोरीच्या गावपट्ट्यात. मग अशा ठिकाणी अधिकार कुणाचा? मला वाटलं होतं कुणाचाच नसेल. पण आहे! १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ होतं. इमारत, तंबू, बांधकाम किंवा झाड (हो, तंबू आणि झाडसुद्धा) पडून शेजारपाजारच्यांना किंवा वाटसरूंना इजा होण्यासारखी स्थिती असेल, तर मॅजिस्ट्रेट ते हटवायचा, सावरायचा हुकूम देऊ शकतो. १९७३ च्या संहितेत कलमाचा नंबरही तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम १५२ झालं. हा मॅजिस्ट्रेट म्हणजे कोर्टातला न्यायाधीश नव्हे. तालुक्याला तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, सरकारने तसे खास अधिकार दिले असतील तर त्यांच्याकडेही हा अधिकार येतो.

शिवाय २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या कलम ३४ मध्ये जिल्हा प्राधिकरणाला लोकांना धोकादायक असलेली बांधकामं पाडण्याचा अधिकार दिलाय, आणि त्याच वाक्यात तात्पुरते पूल उभारण्याचाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण पूल काही रिकामा बंगला नव्हे. पलीकडच्या माणसाला नदी ओलांडायचीच असते, आणि पर्याय न देता पूल तोडला तर गावकरीच आडवे येतील. त्यांचं काय चुकलं? मग फलक लागतो. फलकाला कुणी आडवं येत नाही.

दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यातले जुने पूल तपासून धोकादायक असतील ते बंद करा, पाडा, असे आदेश निघाले. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. महाडलाच २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल दोन एसटी बसेससकट वाहून गेला होता. तेव्हाही राज्यभर पूल तपासणीची चर्चा झाली होती, आणि तेव्हाही ही सगळी कलमं पुस्तकात होतीच.