पित्तमार्गाच्या दारापाशी : 'ईआरसीपी' या उपचारपद्धतीचा इतिहास

कावीळ हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत जितका परिचित आहे, तितकाच तो फसवाही आहे. डोळे पिवळे दिसू लागले की वडीलधारी मंडळी पथ्य सुरू करतात, तेल-तूप बंद होते, उसाचा रस आणला जातो. आणि अनेक ठिकाणी रुग्णाला कावीळ 'उतरविणाऱ्या'कडे नेऊन चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा विधीही होतो. विषाणूंमुळे झालेली कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते व त्याचे श्रेय त्या चुन्याच्या पाण्यास मिळते. परंतु काविळीचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात अंगाला असह्य खाज सुटते, लघवी गडद होते आणि शौचाचा रंग पांढुरका, मातकट होतो. ही अडथळ्याची कावीळ होय. पित्त वाहून नेणाऱ्या नलिकेत खडा अडकला, अथवा गाठीने ती नलिका दाबली गेली, तर हा विकार उद्भवतो. तेथे पथ्याचा उपयोग नाही, वाट पाहण्याचाही नाही. अशा रुग्णास थंडी वाजून ताप भरला, तर तुंबलेल्या पित्तात जंतूंचा प्रादुर्भाव झाल्याचा संशय घ्यावा लागतो आणि मग प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो.

अशा प्रसंगी डॉक्टर ज्या उपचाराचे नाव घेतात तो 'ईआरसीपी' होय. तोंडावाटे दुर्बीण घालून, पोटावर कोठेही छेद न घेता, पित्तमार्गातील अडथळा दूर करण्याची ही पद्धती गेल्या सुमारे साठ वर्षांत घडली. तिचा इतिहास मात्र शवविच्छेदनाच्या टेबलापासून सुरू होतो.

यकृतात तयार होणारे पित्त एका नलिकेवाटे आणि स्वादुपिंडाचा पाचकरस दुसऱ्या नलिकेवाटे वाहत येतो. जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो आरंभीचा वळणदार भाग आहे, त्याच्या भिंतीवर एक लहानसा उंचवटा असतो. बहुतेक माणसांत या दोन्ही नलिका तेथे एकत्र येऊन उघडतात. अवघ्या काही मिलिमीटरचे हे दार. पण यकृत आणि स्वादुपिंड या दोन महत्त्वाच्या इंद्रियांचा निचरा त्यातूनच होतो.

स्वादुपिंडाची नलिका प्रथम पाहिली ती इटलीतील पाडुआ येथे, १६४२ साली. योहान गेओर्ग विर्सुंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शवाचे विच्छेदन करताना ती हेरली, तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतले आणि त्याचे ठसे ठिकठिकाणच्या विद्वानांकडे पाठविले. ही रक्तवाहिनी आहे की आणखी काही, हे त्याला उमगले नव्हते आणि ते त्याने प्रांजळपणे विचारले होते. उत्तर मिळण्यापूर्वीच, १६४३ साली, त्याच्या राहत्या घराजवळ त्याचा खून झाला. पुढे १७२० साली विटेनबर्ग येथील आब्राहाम फाटर याने त्या उंचवट्याचे वर्णन केले. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत त्याच्या नावाचा उच्चार 'व्हेटर' असा रूढ आहे. आणि १८८७ साली पेरुजा विद्यापीठातील रुजेरो ओद्दी या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, या दाराभोवती असलेला वर्तुळाकार स्नायू पित्ताचा प्रवाह आवळतो व सैल सोडतो, हे प्रयोगांनी दाखविले. या स्नायूला आजही ओद्दीचेच नाव आहे. त्याचे स्वतःचे उत्तरायुष्य मात्र व्यसनाने झाकोळले. जेनोआ येथील प्राध्यापकपद गेले, नोकरीसाठी तो आफ्रिकेतील काँगोपर्यंत गेला आणि १९१३ साली ट्युनिसमध्ये त्याचा अंत झाला. ज्याच्या नावाचा स्नायू रोज जगभर हजारो डॉक्टर कौशल्याने छेदतात, त्याची ही कहाणी फारशी कोणास ठाऊक नसते.

दार कोठे आहे हे कळले, तरी जिवंत माणसात तेथवर पोहोचावयाचे कसे? बर्लिनचे कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर काही वर्षांतच पित्तनलिका उघडून खडे काढण्याचे धाडसही शल्यचिकित्सकांनी केले. तथापि, पोट उघडल्याशिवाय निदान नाही आणि निदानाशिवाय पोट उघडणे धोक्याचे, हा पेच पुढे पाऊणशे वर्षे टिकून राहिला. साध्या क्ष-किरण चित्रात पित्तनलिका दिसत नाही. पित्तातील बहुसंख्य खडेही दिसत नाहीत. त्यातही रुग्ण वयस्क, रक्तात कावीळ मुरलेली, मूत्रपिंडे थकलेली अशी अवस्था असली, तर शस्त्रक्रिया हीच प्राणघातक ठरे.

हा पेच सुटण्याची सुरुवात वैद्यकाबाहेर, प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली आणि तेथे एक भारतीय नाव आदराने घ्यावे लागते. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी वाकविली, तरी तिच्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकास नेता येते, हे या दोघांनी १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. तो लेख वाचून मूळचे दक्षिण आफ्रिकेचे बॅझिल हिर्शोविट्झ थेट लंडनला गेले. पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्बर पीटर्स आणि लॅरी कर्टिस नावाचा एक पदवीपूर्व विद्यार्थी यांच्यासह त्यांनी लवचीक दुर्बीण सिद्ध केली. एका तंतूतील प्रकाश शेजारच्या तंतूत झिरपून चित्र अंधुक होत असे. प्रत्येक तंतूला वेगळ्या काचेचे वेष्टन देऊन कर्टिसने ही अडचण दूर केली. १९५७ च्या आरंभी हिर्शोविट्झ यांनी ती दुर्बीण प्रथम स्वतःच्याच घशाखाली उतरविली व नंतर रुग्णावर वापरली. कपानी यांना भारत सरकारने मरणोत्तर 'पद्मविभूषण' दिले ते २०२१ साली.

जठर दिसू लागले, पण फाटरचे दार अजून दूर होते. ते आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असते. समोर पाहणाऱ्या दुर्बिणीला ते धड दिसत नाही. १९६८ साली वॉशिंग्टनचे शल्यचिकित्सक विल्यम मॅकक्यून आणि त्यांचे सहकारी यांनी दुर्बिणीला बाहेरून एक बारीक नळी जोडून त्या दारात शिरण्याचा प्रयत्न केला. बहुतेक वेळा तो फसला, काही वेळा साधला. परंतु हे घडू शकते एवढे सिद्ध झाले. साधन परिपूर्ण केले ते जपानने. ओई, कासुगाई, ताकागी, ओगोशी प्रभृती डॉक्टर आणि तेथील दुर्बीण उत्पादक यांनी खांद्याला खांदा लावून, बाजूस पाहणारी आणि नळीचे टोक हवे तसे उचलणाऱ्या लहानशा तरफेची दुर्बीण तयार केली. १९७० पर्यंत जपानी डॉक्टर त्या दारातून रंगद्रव्य सोडून दोन्ही नलिकांची स्पष्ट क्ष-किरण चित्रे घेऊ लागले. लंडनमध्ये पीटर कॉटन यांनी आणि अमेरिकेत मिनिआपोलिस येथे जॅक व्हेनेस व स्टीफन सिल्व्हिस यांनी १९७२ च्या सुमारास ही विद्या पाश्चात्त्य जगात रुजविली. 'ईआरसीपी' या आद्याक्षरांतील 'आर' म्हणजे उलट दिशेने: पित्त ज्या वाटेने खाली येते, त्याच वाटेने रंगद्रव्य वर चढवावयाचे.

येथवर ही केवळ तपासणी होती. तिचे उपचारात रूपांतर झाले, ते दोन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना. जपानमधील क्योतो येथे केइइची कावाई आणि जर्मनीतील एर्लांगेन येथे माइनहार्ड क्लासेन व लुडविग डेमलिंग यांनी १९७३ मध्ये दुर्बिणीतूनच ओद्दीचा स्नायू छेदला आणि १९७४ साली ते प्रसिद्ध केले. एर्लांगेनच्या साधनात नळीच्या टोकाशी धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली एक तार होती. तिच्यातून विद्युतप्रवाह सोडताच स्नायू कापला जाई व दार रुंद होई. मग खडा बाहेर ओढून घ्यावयाचा, अथवा तो आपोआप आतड्यात पडू द्यावयाचा. डोळ्यांनी अर्धवट दिसणाऱ्या जागी, टाके घालण्याची सोय नसताना छेद घेणे अनेक शल्यचिकित्सकांना अविचार वाटले. त्यांची भीती अनाठायी नव्हती. रक्तस्राव आणि आतड्यास छिद्र पडणे हे धोके आजही पूर्णतः टळलेले नाहीत.

१९७९ साली हॅम्बुर्ग येथे, मूळचे इंडोनेशियाचे असलेले निब सुहेंद्रा यांनी गाठीने दाबलेल्या पित्तनलिकेत दुर्बिणीवाटे प्लास्टिकची नळी बसविली. तिलाच आज सर्वजण 'स्टेंट' म्हणतात. कर्करोग बरा होत नसला, तरी रुग्णाची खाज थांबली, भूक परतली, शेवटचे महिने घरी काढता आले. पुढे आपोआप फुलणाऱ्या धातूच्या जाळीचे स्टेंट आले. प्लास्टिकचा स्टेंट काही महिन्यांत पित्ताच्या गाळाने तुंबतो व बदलावा लागतो, ही गोष्ट रुग्णाचे कुटुंब पुष्कळदा विसरते आणि ताप आल्यावर धावपळ उडते.

या पद्धतीने किती प्राण वाचले याचा नेमका पुरावा हाँगकाँगने दिला. पित्तमार्गातील तीव्र जंतुसंसर्गाच्या ८२ रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया व निम्म्यांवर दुर्बिणीने निचरा अशी तुलना तेथे झाली आणि १९९२ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के रुग्ण दगावले, दुर्बिणीच्या गटात १० टक्के. त्यानंतर वाद उरला नाही.

भारताचा या इतिहासातील वाटाही गौण नाही. मुंबईचे डॉ. अमित मायदेव हे हॅम्बुर्गच्या सुहेंद्रा यांच्यासमवेत काम करीत होते. तुंबलेला स्टेंट बदलण्याच्या नव्या युक्तीवरील १९९० सालच्या शोधनिबंधात गुरूच्या पाठोपाठ त्यांचे नाव आहे. त्यांना २०१३ साली 'पद्मश्री' मिळाली. त्याच १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी लॅपरोस्कोपीद्वारे पित्ताशय काढले. येथे एक घोटाळा दूर केलेला बरा. रुग्ण दोहोंनाही 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात. परंतु पोटावरील छिद्रांतून घातलेली दुर्बीण पित्ताशय काढते आणि तोंडावाटे घातलेली दुर्बीण नलिकेतील खडा काढते. एकाच रुग्णास दोन्ही लागू शकतात. त्यात फसवणूक नसते.

हैदराबाद येथे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांच्या पुढाकाराने १९९४ साली एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी ही संस्था उभी राहिली. दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, मद्याला स्पर्शही न केलेल्या तरुणांच्या स्वादुपिंडात खडे होतात व त्यातून मधुमेह जडतो. केरळचे डॉ. गीवर्गीस यांनी या विकाराचा आयुष्यभर अभ्यास केला होता. बाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन हे खडे फोडावयाचे व मग ईआरसीपीने नलिका मोकळी करावयाची, अशा उपचारांचा १,००० हून अधिक रुग्णांचा अनुभव हैदराबादच्या पथकाने २०१० मध्ये मांडला.

मात्र या दारापाशी पित्तनलिकेची शेजारीण आहे स्वादुपिंडाची नलिका आणि ती फार हळवी असते. तिला धक्का लागला, तर स्वादुपिंडाचा दाह होतो; बहुधा सौम्य, पण क्वचित जीवघेणा. अनुभवी हातांतही हे टळत नाही. २०१२ साली अमेरिकेत ६०२ रुग्णांवर, ज्यांपैकी बहुतेकांना दाहाचा धोका अधिक होता, झालेल्या चाचणीत असे आढळले की, इंडोमेथॅसिन या जुन्या व स्वस्त औषधाची गुदमार्गे दिलेली मात्रा हे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आणते. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रसामग्रीच्या दालनात ही काही रुपयांची गोळी सर्वाधिक उपकारक ठरावी, ही गंमतच आहे. दुसरा धोका उशिरा कळला: नळी उचलणाऱ्या त्याच चिमुकल्या तरफेच्या फटींत जंतू राहतात. अमेरिकेत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या साथी त्यामुळे उद्भवल्या, २०१५ साली तेथील औषध नियंत्रकांनी इशारा दिला आणि २०१९ साली एकदाच वापरून टाकावयाच्या दुर्बिणीस मान्यता मिळाली.

दरम्यान १९९० च्या दशकात चुंबकीय पद्धतीने पित्तनलिकेचे चित्र घेणारी 'एमआरसीपी' आली. तिच्यात शरीरात काहीच शिरत नाही. केवळ पाहण्यासाठी ईआरसीपी करण्याचे कारण त्यामुळे संपले. २००२ साली अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेने तसे स्पष्ट म्हटले. आज एखाद्या कुटुंबास ईआरसीपी सुचविली गेली, तर 'आत काय काढावयाचे अथवा बसवावयाचे आहे' हे विचारणे सर्वस्वी रास्त होय.

ही विद्या पश्चिमेस नेणारे पीटर कॉटन हेच पुढे तिच्या अतिवापराविरुद्ध सातत्याने बोलत राहिले. पित्ताशय काढल्यानंतरही काहींचे पोट दुखत राहते. तपासण्यांत दोष सापडत नाही, तरीही ओद्दीचा स्नायू छेदण्याची प्रथा पडली होती. अमेरिकेतील चार्ल्सटन येथून कॉटन यांनी अशा २१४ रुग्णांचा अभ्यास चालविला. काहींचा स्नायू छेदला, काहींची केवळ दुर्बीण घालून काढली आणि कोणत्या रुग्णाचे काय झाले हे त्या रुग्णास सांगितले नाही. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्नायू छेदलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम पडला होता. ज्यांना काहीच केले नव्हते, त्यांपैकी ३७ टक्क्यांना.