वर्गातला वाचक : धाराशिव जिल्ह्यातील वाचन-लेखनाच्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू

१

मराठी वाङ्मयेतिहासात लेखकाला प्रकरण मिळते, नियतकालिकाला परिच्छेद मिळतो, ग्रंथालयाला क्वचित एखादी ओळ मिळते. शाळेच्या वर्गाला मात्र जागा मिळत नाही. वाचककेंद्री समीक्षेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. वोल्फगांग इझर यांचा 'अंतर्निहित वाचक' संहितेतील रिकाम्या जागा भरतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु रिकामी जागा भरण्याची आपल्याला मुभा आहे, हे प्रत्यक्ष वाचकाला कोणी आणि कधी सांगितले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ही मुभा प्रथम मिळते वा नाकारली जाते ती शाळेत. लुईझ रोझेनब्लाट यांचा या विचारपरंपरेतील पहिला महत्त्वाचा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, तो साहित्य शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिलेला होता, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. सिद्धान्ताचा उगमच वर्गात होता. आपण तो उचलला तेव्हा वर्ग मागे राहिला.

शिक्षकाने वर्गात वाचनाची गोडी कशी लावावी आणि निर्मितीला उत्तेजन कसे द्यावे, हा प्रश्न सामान्यतः अध्यापनपद्धतीचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात तो वाङ्मयेतिहासाचा प्रश्न म्हणून मांडावयाचा आहे. त्यासाठी धाराशिव जिल्हा (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद) निवडला आहे. येथे शाळेची भाषा आणि मुलाची भाषा यांच्यातील अंतर एका शतकात दोन वेळा, दोन निरनिराळ्या कारणांनी निर्माण झाले. हे अंतर जेथे वाढले तेथे वाचनाचे पाठांतर झाले. जेथे एखाद्या शिक्षकाने वा संस्थेने ते कमी केले तेथे वाचनातून लेखन उगवले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

पहिले अंतर राज्यसत्तेने निर्माण केले. हैदराबाद संस्थानात मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे चौथाई होते आणि मराठवाड्यात तर ते बहुसंख्यच होते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि शिक्षणाची दिशाही तीच ठरली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी उभारलेल्या भाषांतर विभागाचे काम आजही आदराने पाहावे असे आहे. परंतु तुळजापूर किंवा कळंब परिसरातून आलेल्या मराठी मुलाच्या दृष्टीने ही 'देशी' भाषाही परकीच होती. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेला काही वाव असे. पुढे मात्र मराठी हा ज्ञानाचा मार्ग न राहता फार तर एक विषय उरे. परिणामी, घरी ऐकलेली जात्यावरची ओवी, तुळजापूरच्या वाटेवरची आराधी गाणी, तेरच्या गोरोबाकाकांच्या कथा आणि शाळेतला धडा यांचा परस्परांशी संबंध येण्याचे कारणच उरले नाही.

हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी ही शाळा काढली. असहकार चळवळीच्या काळातील राष्ट्रीय शिक्षणाची कल्पना तिच्यामागे होती. पुढे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, या शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला तेव्हा ते येथेच होते. १९३५ साली ते आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईला गेले आणि तेथे योगेश्वरी नूतन विद्यालयाचे कार्य उभे राहिले. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या शाळेची नोंद कार्यकर्ते घडवणारी शाळा अशी झाली आहे, आणि ती यथार्थ आहे.

मात्र तिचा एक वाङ्मयीन अर्थही आहे. मराठीतून शिकवणे हे ज्या राज्यात केवळ सोयीचे नव्हे तर भूमिकेचे कृत्य होते, तेथे मराठी पुस्तक हातात घेणाऱ्या मुलाचे वाचन आपोआप अर्थपूर्ण होते. दुसरे असे की, 'राष्ट्रीय शाळा' या संज्ञेतच सरकारी परीक्षापद्धतीपासूनचे अंतर अभिप्रेत होते. जो शिक्षक परीक्षेला सर्वस्वी बांधलेला नाही, तो काय वाचावे हे स्वतः ठरवू शकतो; आणि जो स्वतः ठरवतो तोच मुलालाही निवड करू देतो. निवडीचे हे स्वातंत्र्य शिक्षकाकडून मुलाकडे कसे पोहोचते, याचे समकालीन उदाहरण ब्रिटिश मुलखात दिसते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वहस्ते लिहीत. शिक्षक रोज लिहितो हे दृश्य मुलांसमोर असणे, ही लेखनाची सर्वांत परिणामकारक शिकवणी होय. लेखन ही दूरच्या, मृत वा महान माणसांची कृती नसून आपल्या गुरुजींची रोजची कृती आहे, हे त्यातून कळत असे.

३

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला; महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १९६७ साली झाला. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले आणि १९७१ साली त्याच मंडळाचे 'किशोर' मासिक निघाले. शाळेची भाषा मराठी झाली, पुस्तक मराठी झाले, अवांतर वाचनाची सोयही झाली. पहिले अंतर मिटले असे मानण्यास कोणतीही हरकत नव्हती.

परंतु याच टप्प्यावर दुसरे अंतर उघडे पडले. पाठ्यपुस्तकातील मराठी आणि धाराशिवच्या मुलाच्या तोंडची मराठी एक नव्हती. उदाहरणादाखल एकच व्याकरणिक विशेष पाहू. 'तो जायलाय', 'ती करायलीय' हे मराठवाडी अपूर्ण वर्तमानकाळाचे रूप आहे. ते नियमबद्ध आहे. लिंग, वचन आणि पुरुष यांनुसार काटेकोरपणे बदलते. वहीत मात्र त्याखाली तांबडी रेघ येते आणि वर 'जात आहे' असे लिहिले जाते. प्रमाण रूप शिकवणे आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो क्रमाविषयी. मुलाला सांगायचे काय आहे हे कळण्याआधीच सांगण्याची रीत चूक ठरवली, तर ते काही सांगणेच सोडून देते आणि निबंधमालेतला तयार निबंध उतरवते. त्या निबंधातील पावसाळा नेहमी हिरवागार असतो. अवर्षणाच्या प्रदेशातील मूल, ज्याने जूनमध्ये आभाळाकडे पाहणारी घरे पाहिली आहेत, तेही तोच हिरवागार पावसाळा लिहिते. भाषेबरोबर अनुभवही बदलून दिला जातो, आणि निर्मितीची खरी हानी येथे होते.

ही कोंडी उच्च शिक्षणाच्या पातळीवर काही अंशी फुटली ती औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे १९५० साली महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे या प्राध्यापकांभोवती जे वाङ्मयीन वातावरण तयार झाले, त्यातून दलित साहित्याच्या चळवळीला मोठे बळ मिळाले. पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने नव्या लेखकांना व्यासपीठ दिले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, या शिक्षकांनी विद्यार्थ्याचे जगणे हाच लेखनाचा विषय मानला आणि त्या जगण्याची भाषा ही लेखनाची भाषा म्हणून स्वीकारली. दर्जा खाली आणला असा आक्षेप त्यावर घेतला गेला. प्रत्यक्षात दर्जाची कल्पना विस्तारली.

४

धाराशिव जिल्ह्यातील शाळेच्या संदर्भात या प्रक्रियेचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा. चंदनशिव मूळचे कळंब तालुक्यातील हासेगावचे. भाव कोसळल्यामुळे बाजारात आणलेले टोमॅटो शेतकरी बाप संतापाने तुडवतो आणि ते त्याचा शाळकरी मुलगा पाहतो, एवढेच तिचे कथानक. ही कथा राज्याच्या शालेय पाठ्यपुस्तकात आली. ज्या बोलीखाली तांबडी रेघ ओढली जात होती, तिच्या जवळची भाषा शासनमान्य पुस्तकात छापून आली, ही साधी घटना नव्हे.

तथापि संहिता बदलली म्हणून वाचन बदलतेच असे नाही. कृष्ण कुमार यांनी भारतीय शाळेचे वर्णन 'पाठ्यपुस्तक-संस्कृती' या संकल्पनेने केले आहे : पुस्तक ठरलेले, परीक्षा त्याच्यावर आधारलेली आणि शिक्षक त्या दोहोंमधला दुवा. अशा संस्कृतीत 'लाल चिखल'ही एक धडा होतो. बापाने टोमॅटो का तुडवले, याचे उत्तर मार्गदर्शिकेत तीन ओळींत मिळते. रोझेनब्लाट यांनी १९७८ साली माहिती उचलून नेण्यासाठीचे वाचन आणि अनुभवण्यासाठीचे वाचन असा भेद केला. आपल्या वर्गात दुसऱ्या प्रकारची संहिता पहिल्या प्रकारे वाचली जाते. ज्याच्या घरी स्वतः आडतीवर पडेल भावाने माल विकण्याची वेळ आली आहे, असा मुलगाही त्या प्रश्नाचे छापील उत्तरच लिहितो; कारण आपल्याला ठाऊक असलेले हे 'उत्तर' ठरू शकते, याची त्याला कल्पना नसते.

शिक्षकाचे काम नेमके येथे सुरू होते आणि ते खर्चिक नाही. कथेतला मुलगा बापाकडे पाहतो. तोच प्रसंग भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या, शेजारी भाजी विकणाऱ्या बाईच्या किंवा त्या संध्याकाळी घरी वाट पाहणाऱ्या आईच्या तोंडून सांगावयास लावता येतो. दृष्टिकोन म्हणजे काय, हे पदव्युत्तर वर्गात जड जाणारे तत्त्व नववीतल्या मुलाला कृतीतून समजते. आठवडी बाजारात ऐकलेले भावतोलाचे संभाषण जसेच्या तसे लिहून आणण्यास सांगता येते. पहिला खर्डा बोलीत असावा. दुसऱ्या खर्ड्यात निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवण्याचा प्रयोग करावा. कोणते रूप कोठे आणि का वापरावे, हा विवेक म्हणजेच शैलीचे शिक्षण होय. न्यूझीलंडमधील सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना त्यांनी स्वतः मागितलेला शब्दच प्रथम वाचावयास दिला. त्यांचे 'टीचर' हे पुस्तक १९६३ साली आले. मुलाला ज्या शब्दाची निकड आहे तोच त्याच्या लक्षात राहतो, हे त्यांचे निरीक्षण धाराशिवच्या पहिलीतही तपासून पाहण्याजोगे आहे.

५

आज वाचनाची चर्चा कमी नाही. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. २०१८ साली नीती आयोगाने उस्मानाबादचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला, तेव्हा शिक्षण हा मोजणीचा एक प्रमुख निकष होता. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट आहे. ज्या मुलाला अक्षरेच जुळवता येत नाहीत त्याला कथेच्या आस्वादाविषयी सांगणे ही क्रूर चेष्टा ठरेल. म्हणून या मोजणीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु मोजता येते तेवढेच शिकवले जाण्याचा धोकाही खरा आहे. उद्दिष्टात 'समजून' हा शब्द आहे. तो घड्याळाने मोजता येत नाही. हिप्परग्याच्या काळात प्रश्न होता कोणत्या भाषेत वाचावे हा; 'लाल चिखल'च्या निमित्ताने तो झाला कोणाची भाषा वाचावी असा; आजचा प्रश्न, वाचणाऱ्याला स्वतःचे काही म्हणू द्यावयाचे की नाही, हा आहे. हे तिन्ही प्रश्न वस्तुतः एकाच सत्तासंबंधाची रूपे आहेत.

जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरले. मराठी साहित्यव्यवहाराने या जिल्ह्याची दखल घेतली, याचे समाधान मानावयास हवे. मात्र संमेलनाचे मंडप तीन दिवसांचे असतात. वर्ग वर्षभर भरतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी करावयाचे एक काम त्यामुळे शिल्लक राहते. शाळांची हस्तलिखित मासिके, भित्तिपत्रके, निबंधांच्या वह्या आणि शिक्षकांच्या टाचणवह्या ही स्वीकारेतिहासाची प्राथमिक साधने आहेत. एखादी संहिता प्रत्यक्ष वाचकाने कशी वाचली, याचा याहून थेट पुरावा आपल्याला मिळणार नाही. दर वर्षाअखेरीस त्यांतील बहुतेक रद्दीत जातात. पीएच.डी.चे विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखाद्या कादंबरीकाराऐवजी एखाद्या तालुक्यातील पन्नास शाळांची हस्तलिखिते निवडावीत, आणि मार्गदर्शकांनी तो विषय शिक्षणशास्त्राचा म्हणून परत पाठवू नये. 'लाल चिखल' वाचून कळंबच्या एखाद्या मुलीने स्वतःच्या बाजाराविषयी काय लिहिले, हे ज्या वहीत आहे ती वही मराठी समीक्षेच्याही कक्षेत येते.