आधी किराणा, मग पगार

पगाराचा अमुक टक्का किराणावर खर्चा, असा सल्ला हल्ली जो तो देतो. मित्रांनो, आपल्या आजा-पणजांना तो कुणी दिला असता? गावकीच्या राबणुकीला पगारच नव्हता. बलुतं होतं, दारोदारची शिळी भाकरी होती. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ते तुकडे सोडायला सांगितलं. पण तुकड्यांच्या जागी काय? त्यासाठी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ ला कायदा झाला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं तर मजुरीचा हिशेब चुलीपासूनच मांडला. पुरुष १, बाई ०.८, दोन मुलं १.२, म्हणजे तीन माणसांचं अन्न, माणशी २७०० कॅलरी. (लावणीत दिवसभर वाकणारी बाई ०.८ कशी, हे मांडणाऱ्यांनाच ठाऊक!) आणि हे सगळं एकाच्या कमाईत भागलं पाहिजे, बायकामुलांची कमाई धरायची नाही.

२०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात हिशेब उलटा केला: खेड्यातल्या माणसाला दिवसाला २६ रुपये पुरेत!

आमच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. तो लावणाऱ्या मजूर बाईच्या ताटात मात्र रेशनचा भात असतो. तिला काटकसर शिकवायला जाण्याआधी तिची हजेरी किती, ते विचारा.