काडेपेटीची काडी आणि दुधाचा थेंब

"चिमणीचं पिल्लू सापडलंय, काय भरवू?" मी पक्षी-अभ्यासाच्या इतिहासावर पीएचडी करतेय हे कळल्यापासून मला असे फोन येतात. मी काही पक्ष्यांची डॉक्टर नाही, जुनी पुस्तकं वाचणारी विद्यार्थिनी आहे. पण या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो माझ्या प्रबंधाच्या अगदी जवळचा आहे.

१ जुलै १९४०. युद्धाचे दिवस. लंडनजवळ राहणाऱ्या क्लेअर किप्स या विधवा बाईंना दारात एक पिल्लू पडलेलं दिसलं. नुकतंच अंड्यातून निघालेलं, उघडं, डोळे मिटलेलं. किप्सबाई पियानो शिकलेल्या होत्या आणि हवाई हल्ल्यांच्या वेळी वॉर्डन म्हणून काम करत होत्या. त्यांनी पिल्लू उबेला धरलं, काडेपेटीच्या जळक्या काडीने चोच उघडी ठेवली आणि थोड्या थोड्या वेळाने कोमट दुधाचा एकेक थेंब घशात सोडला. सकाळपर्यंत ते मरेल असं त्यांना वाटलं होतं. सकाळी ते ओरडत होतं, भूक लागली म्हणून!

एका पंखात आणि पायात व्यंग असल्यामुळे क्लॅरेन्सला बाहेर सोडणं शक्य नव्हतं. तो बाईंकडेच बारा वर्षं राहिला आणि २३ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांच्या हातातच गेला. पुढच्या वर्षी बाईंनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना कुणाची? ज्युलियन हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञाची.

मला प्रश्न पडला तो इथे. हौशी बाईंनी पाळलेल्या चिमणीची दखल हक्सलींना का घ्यावीशी वाटली?

एक कारण सोपं आहे. रानात एकाच चिमणीवर जन्मापासून म्हातारपणापर्यंत नजर ठेवणं जवळजवळ अशक्य. किप्सबाईंनी ते घरात केलं. दुसरं कारण गाण्याचं. वर्गीकरणात चिमणीही गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात येते, पण तिचा चिवचिवाट आपण गाण्यात धरत नाही. क्लॅरेन्सला मात्र कोणी मोठी चिमणी ऐकायला मिळाली नाही, पियानो मिळाला. तो पियानोबरोबर गायचा आणि बाईंनी त्याच्या गाण्याचं वर्णन संगीताच्या भाषेत करून ठेवलं. याने काही सिद्ध होत नाही हे खरं. पक्षी एकच, तुलनेला दुसरा नाही. पण केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प त्याच दशकात हाच प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारत होते. माणसाने वाढवलेली, थोरांचं गाणं न ऐकलेली चॅफिंचची पिल्लं मोठेपणी गायली, पण अर्धवट, ओबडधोबड. म्हणजे गाण्याचा काही भाग उपजत, बाकीचा ऐकून शिकलेला.

त्याआधी बर्लिनमध्ये ऑस्कर आणि माग्डालेना हाइनरोट या जोडप्याने मध्य युरोपातले बहुतेक पक्षी आपल्या घरात, हाताने भरवून वाढवले. तिथे पिल्लं अनाथ नव्हती. उपजत काय ते कळावं म्हणून मुद्दाम आणलेली होती. १९२४ पासून आलेल्या त्यांच्या ग्रंथावर दोघांचीही नावं आहेत. ही गोष्ट छोटी नाही. पिल्लाला दिवसभर सतत भरवावं लागतं, आणि ते काम बरेचदा घरातल्या बाईकडे जातं. भरवणारीच सगळ्यात जास्त बघत असते. पण इतिहासात भरवणं म्हणजे 'माया' आणि बघणं म्हणजे 'शास्त्र', अशी वाटणी होत आली. माझं भांडण त्या वाटणीशी आहे.

तरी मायेची किंमतही विसरू नये. क्लॅरेन्स जगला, पण चिमण्यांमध्ये नाही. अपंग होता म्हणून त्याला दुसरा मार्ग नव्हता. धडधाकट पिल्लाला असतो.

म्हणून फोनवर मी एवढंच सांगते. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुतेकदा अनाथ नसतंच, आईबाप आसपास असतात. मांजरापासून लांब, झुडपात ठेवा आणि दुरून बघा. जखमी किंवा उघडं पिल्लू असेल तर उबेत ठेवून पक्ष्यांच्या जाणकाराकडे न्या. आणि दूध नको! पक्ष्यांना ते पचत नाही. क्लॅरेन्स वाचला तो दुधामुळे नव्हे; रात्रभर त्याला ऊब मिळाली म्हणून वाचला, असं मला वाटतं.

आणि हो, काय दिसलं ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. किप्सबाईंनी तेच केलं होतं.