दातांची कीड आणि फिलिंग : ठणक्याची वाट पाहू नये

दात किडणे, म्हणजेच दंतक्षय, हा जगात सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार सुमारे २०० कोटी लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत, तर दुधाचे दात किडलेल्या बालकांची संख्या ५० कोटींहून अधिक आहे. हा विकार टाळता येतो आणि प्रारंभीच्या अवस्थेत परतवताही येतो. तरीही अनेक रुग्ण दात ठणकू लागल्यावरच दंतवैद्याकडे जातात. तोपर्यंत साध्या उपचाराची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

कीड म्हणजे अळी नव्हे

'कीड' या शब्दामुळे दातात अळी शिरते, असा समज रूढ आहे. धुरी देऊन दातांतील किडे पाडण्याचे प्रकार आजही काही ठिकाणी चालतात. मात्र त्यात दाखवले जाणारे पांढरे कण किडे नसतात. तोंडातील जीवाणू अन्नातील साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, हे विलोबी मिलर या दंतशास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडले.

दाताचे बाह्य आवरण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. दातावरील चिकट थरात आम्लता वाढून सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ही खनिजे विरघळू लागतात. काही वेळाने लाळ आम्ल निष्प्रभ करते आणि खनिजांची झीज भरून काढते. मात्र दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड चहा, बिस्किटे किंवा शीतपेये घेतल्यास लाळेला ही संधी मिळत नाही. म्हणूनच साखर किती खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे ठरते.

ठणका थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे

किडीची पहिली खूण म्हणजे दातावरील खडूसारखा पांढरा डाग. या अवस्थेत फ्लोराइड व स्वच्छता यांच्या साहाय्याने दात पूर्ववत होऊ शकतो. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही, कारण एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. त्यात मज्जातंतूही नसल्याने या काळात वेदना होत नाहीत. कीड आतील डेंटिनपर्यंत पोहोचल्यावर थंड व गोड पदार्थ झोंबू लागतात. ती दाताच्या गाभ्यात शिरली की रात्री-अपरात्री ठणका लागतो आणि रूट कॅनल उपचार किंवा दात काढणे, एवढेच पर्याय उरतात.

लवंगेच्या तेलाने वेदना तात्पुरती शमते. कीड जात नाही. असह्य ठणका अचानक थांबला, तर दाताचा गाभा मृत झाल्याची शक्यता असते आणि जंतुसंसर्ग मुळाशी पसरत राहतो. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडण्यास अथवा गिळण्यास त्रास अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे.

दातात काय भरतात?

फिलिंग करताना दंतवैद्य किडलेला भाग काढून टाकतात आणि खड्डा भरून दाताला मूळ आकार देतात. 'चांदी' म्हणून परिचित असलेल्या अमाल्गममध्ये वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. उर्वरित भाग चांदी, कथील व तांबे यांचा असतो. ते टिकाऊ असले तरी पाऱ्याच्या प्रदूषणामुळे त्याचा वापर घटत आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. अमाल्गमचा वापर २०३४ पर्यंत थांबवण्याचे या कराराच्या सदस्य देशांनी २०२५ मध्ये ठरवले. मात्र दातात सुस्थितीत असलेली जुनी चांदी केवळ भीतीपोटी काढून घेण्याची आवश्यकता नसते.

दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाच्या साहाय्याने घट्ट केले जाते. ग्लास आयोनोमर सिमेंट दाताला रासायनिकरीत्या चिकटते व फ्लोराइड सोडते. त्यामुळे ते लहान मुलांच्या दातांसाठी उपयुक्त ठरते. कोणतेही फिलिंग कायमचे नसते. त्याच्या कडेने पुन्हा कीड लागू शकते, म्हणून नियमित तपासणी आवश्यक असते.

सहाव्या वर्षाची दाढ

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. त्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने पालक तिला दुधाची समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. ही दाढ गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्या खोल खाचा वेळीच सीलंटने बुजवल्यास कीड टाळता येते.

दिवसातून दोन वेळा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील बालकांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. दात दुखत नसतानाही ठरावीक काळाने दंततपासणी करून घेणे हिताचे आहे. लहानसा खड्डा भरून दात वाचवता येतो तो याच काळात.